पीएलप्लॉटच्या पीएलआर्क फंक्शनला नवे आर्ग्युमेंट आल्यावर स्वतःचे फोरट्रान बाइंडिंग कसे सुधारावे?

प्रश्न

नमस्कार. कोकण किनाऱ्यालगतच्या समुद्रप्रवाहांच्या नोंदींवर काम करणाऱ्या एका छोट्या गटात आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमची देखभाल माझ्याकडे आहे. प्रत्येक नोंदकेंद्रावर प्रवाहाच्या चढउताराचे एक लंबवर्तुळ काढायचे, त्याचा मोठा अक्ष उभा ठेवायचा आणि खरा झुकाव शेजारी अंशांत लिहायचा, अशी आमची जुनी पद्धत आहे. ती पडली त्यालाही कारण होते. आम्ही पीएलप्लॉट ही सी भाषेतली आलेख काढणारी लायब्ररी वापरू लागलो तेव्हा तिच्या पीएलआर्क या कमानी व लंबवर्तुळे काढणाऱ्या फंक्शनमध्ये लंबवर्तुळ फिरवण्याची सोय नव्हती. फोरट्रानमधून तिला हाक मारण्यासाठी मी त्याच काळात स्वतःचे बाइंडिंग, म्हणजे दोन भाषांना जोडणारा कोड, लिहिले होते. बाइंड-सी (सी भाषेतल्या फंक्शनांना जोडून घेण्याची फोरट्रानची सोय) वापरून प्रत्येक फंक्शनचे इंटरफेस हाताने लिहिलेले आहे आणि आमच्या कामापुरतीच, साधारण तीसेक फंक्शने त्यात आहेत.

अलीकडे जुने यंत्र बदलले आणि नव्या यंत्रावर पीएलप्लॉटची ५.१५ ही आवृत्ती आली. पूर्वी लायब्ररीच्या नावाच्या शेवटी ‘डी’ हे अक्षर असे, ते आता नाही, म्हणून लिंक करताना चूक आली. मेकफाइलमधले ते एक अक्षर काढताच सगळे बिनतक्रार जुळले. कंपायलरने एकही इशारा दिला नाही, प्रोग्रॅमही व्यवस्थित चालला. मात्र नकाशावर जी लंबवर्तुळे सरळ उभी दिसायला हवीत, त्यांपैकी काही तिरकी येत आहेत. कोणते केंद्र तिरके येईल याला काही नियम दिसत नाही. ऑप्टिमायझेशन बंद करून बांधले, तर जवळपास सगळी सरळ येतात. कोपऱ्यातले मोजपट्टीचे वर्तुळ मात्र प्रत्येक वेळी अचूक असते आणि भरीव व पोकळ हा फरकही कधी चुकलेला नाही.

नवी हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची डिक्लरेशने असलेली फाइल) उघडल्यावर पीएलआर्कला ‘रोटेट’ नावाचे आणखी एक आर्ग्युमेंट, म्हणजे हाक मारताना द्यायचे मूल्य, आलेले दिसले. म्हणजे माझे बाइंडिंग जुने झाले आहे, एवढे मला समजले. पण मग चूक इतकी चमत्कारिक का दिसते, आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी? जुन्या पद्धतीने हाक मारणारे चाळीसेक प्रोग्रॅम आमच्याकडे आहेत, शिवाय सीटाइप्सवर (पायथनमधून सी लायब्ररीला हाक मारण्याच्या सोयीवर) लिहिलेला एक छोटा पायथन मॉड्यूलही आहे.

उत्तर १

तुमचे निदान बरोबर आहे. पीएलआर्कचे इंटरफेस ५.९.९ या आवृत्तीत बदलले. पूर्वी तिला सात आर्ग्युमेंटे लागत: एक्स, वाय, ए, बी, अँगल१, अँगल२ आणि फिल. आता आठ लागतात. नवे ‘रोटेट’ शेवटी न येता अँगल२ आणि फिल यांच्या मधोमध बसले आहे, आणि प्रकल्पाने हा बदल मागच्या आवृत्तीशी न जुळणारा आहे असे तेव्हाच जाहीर केले होते.

चूक अशी का दिसते, ते यंत्राच्या पातळीवर पाहिले की उलगडते. सी भाषेत तयार झालेल्या लायब्ररीत फंक्शनचे फक्त नाव नोंदलेले असते, त्याला किती आणि कोणत्या प्रकारची आर्ग्युमेंटे लागतात याचा तिथे मागमूस नसतो. (सी++ मध्ये प्रकार नावातच गुंफलेले असतात, त्यामुळे असा बदल लिंकरच्या लगेच लक्षात येतो.) तुमचे इंटरफेस ‘सी_पीएलआर्क’ हे पीएलआर्कचे लायब्ररीत नोंदलेले नाव मागते आणि नव्या लायब्ररीत ते नाव आहे. तेवढ्याने लिंकरचे समाधान होते.

आता प्रत्यक्ष हाक पाहा. लिनक्सवर एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी ठरलेल्या संकेतानुसार दशांश संख्या एक्सएमएम रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांतून) जातात आणि पूर्णांक वेगळ्या रजिस्टरांतून. दोन्ही रांगा स्वतंत्रपणे मोजल्या जातात. तुमचा प्रोग्रॅम सहा दशांश संख्या एक्सएमएम-० ते एक्सएमएम-५ मध्ये ठेवतो आणि फिल हा पूर्णांक पूर्णांकांच्या पहिल्या रजिस्टरात ठेवतो. नवी पीएलआर्क सात दशांश संख्यांची अपेक्षा करते, म्हणून सातवी, म्हणजे रोटेट, एक्सएमएम-६ मधून वाचते. तिथे तुम्ही काहीच ठेवलेले नसते. आधीच्या कुठल्या तरी गणिताचा उरलेला आकडा तिथे पडलेला असतो आणि लंबवर्तुळ तितके अंश फिरते. ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलेला प्रोग्रॅम वरच्या क्रमांकांची रजिस्टरे क्वचितच वापरतो, त्यामुळे तिथे बहुधा शून्य राहते आणि चित्र सरळ येते. फिल मात्र आपल्या वेगळ्या रांगेतून योग्य जागी पोहोचते, म्हणून भरीव-पोकळ हा फरक कधी चुकत नाही. मोजपट्टीचे वर्तुळही चुकीच्या कोनातून फिरतेच आहे, पण पूर्ण वर्तुळ कितीही फिरवले तरी डोळ्यांना तेच दिसते.

पायथन मॉड्यूलमध्ये सीटाइप्सच्या आर्गटाइप्समध्ये (आर्ग्युमेंटांच्या प्रकारांच्या यादीत) जुने सात प्रकार लिहिलेले असतील, तर तिथेही हाच दोष आहे. अजून तो दिसला नसला तरी त्यावर विसंबू नका.

उत्तर २

वरील स्पष्टीकरण वाचून मला माझे एक जुने कोडे आठवले. आमच्याकडे डी भाषेतून पीएलप्लॉट वापरणारा एक प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. लायब्ररी बदलल्यानंतर आमची लंबवर्तुळे सरळच राहिली, पण पोकळ हवी असलेली मधूनच भरीव येऊ लागली. आम्ही कितीतरी दिवस रंगभरणाच्या कोडमध्ये दोष शोधत होतो. हेही याच कारणाने होत असावे काय?

उत्तर १ लिहिणाऱ्याचा खुलासा

होय, कारण तेच आहे. विंडोजच्या ६४ बिटी संकेतात दशांश आणि पूर्णांक यांच्या रांगा वेगळ्या नसतात, आर्ग्युमेंटाची जागा एकाच क्रमाने मोजली जाते. पहिली चार रजिस्टरांतून जातात आणि पाचव्यापासूनची स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत), प्रत्येकी आठ बाइटांच्या कप्प्यात. तुमचा प्रोग्रॅम फिल हा पूर्णांक सातव्या कप्प्यात ठेवतो आणि नवी पीएलआर्क त्या कप्प्याला रोटेट समजून तो दशांश संख्या म्हणून वाचते. त्या कप्प्याचे वरचे ३२ बिट शून्य असतील, तर ० किंवा १ हा पूर्णांक दशांश रूपात शून्य किंवा शून्याला चिकटलेली अतिसूक्ष्म संख्या ठरतो. म्हणून लंबवर्तुळ सरळ राहते. खरे फिल ती आठव्या कप्प्यातून घेते आणि तिथे जे काही पडलेले असेल ते शून्य नसले की आकृती भरली जाते.

उत्तर ३

मी काही वर्षे एका आलेख लायब्ररीची वेगवेगळ्या भाषांतली बाइंडिंगे सांभाळली आहेत. त्या अनुभवातून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण केवळ पीएलआर्कची एक ओळ सुधारली तर उरलेली एकोणतीस फंक्शने तशीच असुरक्षित राहतील.

बाइंडिंगे दोन जातींची असतात. एका जातीत बाइंडिंग तयार होताना सी कंपायलर मूळ हेडर फाइल प्रत्यक्ष वाचतो. पीएलप्लॉटमध्ये पायथन, जावा, ऑक्टेव्ह आणि लुआ यांची बाइंडिंगे स्विग या साधनाने तयार होतात. स्विगसाठी फंक्शनांची डिक्लरेशने वेगळ्या फाइलमध्ये पुन्हा लिहिलेली आहेत हे खरे, पण त्यातून निघणारा सी कोड मूळ हेडर सामील करून घेतो. म्हणून डिक्लरेशन जुने राहिले, तर ‘आर्ग्युमेंटे कमी पडली’ असे सांगून कंपायलर तिथेच थांबतो. ओकॅमल आणि टीसीएलच्या बाइंडिंगांमध्येही शेवटी सी कोडच तयार होतो, त्यामुळे त्यांनाही हे संरक्षण मिळते. दुसऱ्या जातीत बाइंडिंग हेडर कधीच वाचत नाही. त्यात काय आहे ते आपल्या भाषेत स्वतःच पुन्हा सांगते. एडामधला इम्पोर्ट प्रॅग्मा, डी भाषेतले एक्स्टर्न-सी, फोरट्रानचे बाइंड-सी आणि पायथनचे सीटाइप्स हे सगळे या जातीत येतात. इथे हेडर बदलले तरी बाइंडिंगला ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

तेव्हा माझा आग्रह असा, की तुमचे बाइंडिंग दुसऱ्या जातीतून पहिल्या जातीत आणा. एक छोटी सी फाइल लिहा, तिच्यात पीएलप्लॉटचे हेडर सामील करा आणि तुम्हाला लागणाऱ्या प्रत्येक फंक्शनसाठी तुमच्या स्वतःच्या नावाचे दोन ओळींचे फंक्शन लिहा, जे आपली आर्ग्युमेंटे पुढे पीएलप्लॉटला देईल. फोरट्रानचे इंटरफेस आणि पायथनचे सीटाइप्स यांनी केवळ या मधल्या फंक्शनांनाच हाक मारावी. उद्या पुन्हा एखाद्या फंक्शनचे आर्ग्युमेंट वाढले, तर ही सी फाइल कंपाइलच होणार नाही आणि कोणती ओळ बदलायची तेही कंपायलरच दाखवील. मधल्या फाइलीत आर्ग्युमेंटांचा प्रकार सरळ ‘डबल’ ठेवा. पीएलप्लॉटचा पीएलएफएलटी हा प्रकार बांधणीच्या वेळी एकेरी अचूकतेचाही ठेवता येतो, आणि तसे कोणी केलेच तर सुट्या संख्यांच्या रूपांतराचे काम सी कंपायलर करील.

मधली फाइल आणि तुमचे फोरट्रान इंटरफेस यांच्यात तफावत राहू शकत नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. राहू शकते. पण त्या दोन्ही फाइली तुमच्या आहेत, एकाच फोल्डरात आहेत आणि तुम्ही हात लावल्याशिवाय बदलणाऱ्या नाहीत. परक्याने केलेला बदल आपल्याला न कळता आत शिरणे ही खरी अडचण होती, आणि ती यामुळे मिटते.

पीएलप्लॉटसोबत येणारे फोरट्रान बाइंडिंग नंतरच्या आवृत्त्यांत फोरट्रान २००३ च्या सोयी वापरून नव्याने लिहिले गेले आहे. एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही अचूकतेच्या संख्या ते स्वीकारते. नवे काम सुरू करणाऱ्याने तेच वापरावे. तुमच्या चाळीस प्रोग्रॅमांचा विचार करता मात्र आज मधली फाइल हा कमी त्रासाचा मार्ग आहे.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. मधल्या सी फाइलीचा मार्ग मला पटला आहे. एक अडचण उरते. जुन्या चाळीस प्रोग्रॅमांतल्या हाका सात आर्ग्युमेंटांच्याच आहेत. रोटेट हे फोरट्रानमध्ये ‘ऑप्शनल’ करून शेवटी ठेवले, तर जुन्या हाका तशाच चालतील. असे करावे काय?

उत्तर ३ लिहिणाऱ्याचे मत

ते करू नये असे मला वाटते. रोटेट शेवटी ठेवले, तर तुमच्या बाइंडिंगमधला क्रम पीएलप्लॉटच्या दस्तऐवजातल्या क्रमापेक्षा वेगळा होईल. दस्तऐवज वाचून नवा प्रोग्रॅम लिहिणारा तुमचा सहकारी रोटेट आणि फिल यांची अदलाबदल करील. फोरट्रानमध्ये प्रकार वेगळे असल्याने ती चूक पकडली जाईल, पण पायथनमध्ये शेवटचे आर्ग्युमेंट पूर्णांक असले तरी दशांश म्हणून निमूट स्वीकारले जाते. त्यापेक्षा जेनेरिक इंटरफेस वापरा. एकाच नावाखाली दोन प्रोसीजर ठेवता येतात: एक सात आर्ग्युमेंटांचे आणि एक आठांचे. आर्ग्युमेंटांच्या संख्येवरून कोणते घ्यायचे ते कंपायलर ठरवतो. सात आर्ग्युमेंटांच्या प्रोसीजरने रोटेटच्या जागी शून्य पाठवावे. जुने प्रोग्रॅम अक्षरही न बदलता पूर्ववत चालतील आणि नवे प्रोग्रॅम दस्तऐवजातल्याच क्रमाने लिहिले जातील.

उत्तर ४

जेनेरिक इंटरफेसची सूचना योग्य आहे, पण सात आर्ग्युमेंटांचे रूप कायमचे ठेवू नये असे मला सुचवायचे आहे. चाळीस प्रोग्रॅम म्हणजे दोन दिवसांचे काम आहे. जुने रूप राहिले की पुढच्या बदलाच्या वेळी तुमच्याकडे तिसरे रूप येईल, आणि पाच वर्षांनी कोणते रूप का आहे हे सांगणारे कोणी उरणार नाही.

चाचणीबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आर्ग्युमेंटांची संख्या जुळली म्हणजे काम संपले, असे होत नाही. स्विगच्या फाइलीत कोणी आठही आर्ग्युमेंटे दिली, पण शेवटची दोन उलट क्रमाने लिहिली, तर सी कंपायलर पूर्णांकाचे दशांशात आणि दशांशाचे पूर्णांकात मुकाट्याने रूपांतर करतो. ती चूक फक्त चित्रात दिसते. पीएलप्लॉट प्रकल्पाची यावरची पद्धत मला फार आवडते. त्यांचे प्रत्येक उदाहरण सी भाषेत आणि शक्य त्या इतर सर्व भाषांत लिहिलेले असते. प्रत्येक भाषेतून त्याची पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार करून ती सी भाषेतल्या फाइलीशी ओळीला ओळ ताडून पाहिली जाते.

अशा तुलनेसाठी कोणते चित्र निवडता यावरही पुष्कळ अवलंबून असते. तिसऱ्या क्रमांकाच्या उदाहरणात ध्रुवीय आलेखाची समकेंद्री वर्तुळे पीएलआर्कने काढलेली आहेत. रोटेट चुकले तरी ती डोळ्यांना बरोबरच दिसतील. फायलींची तुलना मात्र फरक दाखवील, कारण वर्तुळाचे तुकडे वेगळ्या बिंदूपासून सुरू होतील. सत्ताविसाव्या उदाहरणाच्या एका पानावर आळीपाळीने दोन रंगांत काढलेल्या आठ कमानींचे वर्तुळ आहे आणि त्याच्या आत आठ भरीव लंबवर्तुळे वेगवेगळ्या कोनांत फिरवून फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली आहेत. रोटेट पोहोचले नाही तर ते फूल लगेच विस्कटते. तुमच्या बाइंडिंगची चाचणी त्या पानापासून सुरू करा. तुमच्या स्वतःच्या चाचणीत रोटेट ३० आणि फिल ० असे एक लंबवर्तुळ जरूर असू द्या. दोन्हींची अदलाबदल झाली, तर ते सरळ होईल आणि भरलेही जाईल, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी दिसेल. पोस्टस्क्रिप्ट फाइलींची तुलना करताना निर्मितीच्या तारखेची ओळ वगळावी लागते, ती प्रत्येक वेळी वेगळी असते.

प्रश्नकर्ता

दोन दिवस काम करून आलो आहे. मधली सी फाइल प्रथम मुद्दाम जुन्या सात आर्ग्युमेंटांसह लिहिली, आणि पीएलआर्कच्या ओळीवर आर्ग्युमेंटे कमी असल्याची चूक तत्काळ आली. तीस फंक्शनांच्या यादीत आणखी कुठे तफावत नाही याचीही त्यामुळे खात्री झाली. त्यानंतर जेनेरिक इंटरफेस लिहिले आणि पायथनचे सीटाइप्सही त्याच मधल्या फाइलीकडे वळवले. सत्ताविसाव्या उदाहरणातले ते पान फोरट्रानमध्ये उतरवून सी भाषेतल्या पानाशी ताडले. तारखेची ओळ सोडता दोन्ही फाइली जुळल्या. सात आर्ग्युमेंटांचे रूप या वर्षअखेरीपर्यंतच ठेवायचे, असे आम्ही गटात ठरवले आहे.

रोटेटची सोय हाती आल्यावर, झुकाव आकड्यात लिहिण्याऐवजी लंबवर्तुळ प्रत्यक्ष तिरके काढून पाहिले. पण ते किनाऱ्याच्या दिशेशी जुळत नाही. बाइंडिंग आता बरोबर असूनही असे का व्हावे?

उत्तर ४ लिहिणाऱ्याचा खुलासा

तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे, रोटेट हा कोन एक्स अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो. समुद्रशास्त्रात दिशा सहसा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. तुमचा झुकाव तसा नोंदलेला असेल, तर रोटेटला ९० वजा तो झुकाव द्यावा लागेल. दुसरी, अक्ष उभा दिसावा म्हणून तुम्ही इतके दिवस ‘ए’ च्या जागी लहान आणि ‘बी’ च्या जागी मोठा अर्धअक्ष देत असणार. आता ‘ए’ मध्ये मोठा अर्धअक्ष द्या, कारण रोटेट त्याच्यासाठी मोजला जातो. जुन्या हाकांना हे लागू करू नका, त्यांची रचना उभ्या अक्षासाठीच आहे.

तिसरी गोष्ट सहज निसटते. पीएलआर्क आपले बिंदू आलेखाच्या अक्षांच्या एककांत काढते, कागदावरच्या मिलिमीटरांत नव्हे. तुमच्या नकाशाचे अक्ष रेखांश आणि अक्षांश असतील आणि दोन्हींची मोजपट्टी सारखी नसेल, तर फिरवलेले लंबवर्तुळ तिरपे दाबले जाते आणि त्याचा अक्ष भलत्याच दिशेला दिसतो. पीएलएन्व्हला (आलेखाची चौकट आणि अक्ष मांडणाऱ्या फंक्शनला) ‘जस्ट’ या जागी १ दिले, तर दोन्ही अक्षांची मोजपट्टी सारखी राहते. तरीही १८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशाच्या सुमारे ०.९५ पटच लांब असतो. तेव्हा स्थाने किलोमीटरांत बदलून मगच आलेखावर मांडलेली बरी.

प्रश्नकर्ता

पहिल्या दोन्ही चुका माझ्याकडून झाल्या होत्या. त्या सुधारल्या, स्थाने किलोमीटरांत बदलली, आणि किनाऱ्याजवळच्या केंद्रांची लंबवर्तुळे आता किनाऱ्याला समांतर पहुडलेली दिसतात. शेजारचे झुकावाचे आकडे मी काढून टाकत आहे.